कटर जॉबला कुठं टेकवायचा : टूलपाथचा स्टार्ट पॉइंट स्वतः ठरवायला शिका

वाळूजच्या एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोरांना प्रोग्रॅमिंगच्या खुर्चीत, म्हणजे कटरची वाट (टूलपाथ) काढणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरसमोर, बसवलं की पहिले काही आठवडे त्यांचं सगळं लक्ष स्पीड, फीड आणि स्टेपओव्हरवर असतं. सिम्युलेशनमध्ये कुठं लाल दिसलं नाही की पोस्ट मारायचं, म्हणजे मशीनला कळेल असा कोड काढायचा, आणि पेनड्राइव्ह घेऊन मशीनकडं पळायचं. मग दुपारी क्यूसीवाला जॉब घेऊन येतो, भिंतीवरून नख फिरवतो आणि विचारतो, "हा वळ कशाचा रे?"

पोरगं म्हणतं कटर गेला असेल, नाहीतर स्पिंडलमध्ये प्ले असेल. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. कटर भिंतीला जिथं पहिल्यांदा भिडला आणि पूर्ण फेरी मारून जिथं सुटला, ती ही जागा. तुम्ही ती ठरवली नसेल तर सॉफ्टवेअरनं ठरवली. सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअरला व्हाइस (जॉब धरणारा शिकंजा) कुठं आहे ते कळत नाही आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली 'या फेसवर टूल मार्क नको' ही टीपही ते वाचत नाही. यादीतली पहिली कड उचलतं आणि तिथून सुरू होतं.

बंद आकाराला सुरुवात नसते, पण कटरला कुठून तरी शिरावंच लागतं. बांगडीला सांधा असतो, तसंच हे. तो सांधा कुठं येऊ द्यायचा, हे कसं ठरवायचं आणि सॉफ्टवेअरकडून कसं करून घ्यायचं, ते सांगतो. मी चिकलठाण्याला हेल्पर म्हणून लागलो होतो, आता व्हीएमसीचं, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशिनिंग सेंटरचं, प्रोग्रॅमिंग बघतो. त्यामुळं खालचं सगळं तीन अक्षांच्या व्हीएमसीला आणि एम ३ वर, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरणाऱ्या साध्या उजव्या कटरला धरून आहे.

'स्टार्ट' कुठला, ते आधी नक्की करा

एकाच शब्दानं तीन जागा बोलल्या जातात आणि अर्धा गोंधळ तिथंच होतो.

पहिली जागा म्हणजे ऑपरेशन सुरू होताना टूल वर, सुरक्षित उंचीवर जिथं येऊन थांबतं ती. दुसरी, टूल जिथं झेडमध्ये खाली उतरतं ती. तिसरी, कटर प्रत्यक्ष कंटूरला, म्हणजे आकाराच्या कडेला, जिथं लागतो ती. वळ पडतो तिसऱ्या जागी. टूल मोडतं दुसऱ्या जागी. क्लॅम्पला धडक बसते ती पहिलीकडून दुसरीकडं जाताना. सिनियर तुम्हाला "स्टार्ट पॉइंट हलव" म्हणाला तर आधी विचारा, "कुठला, दादा? उतरायचा का कंटूरचा?" असं विचारण्यात कमीपणा नाही. पॉवरमिलमध्ये तर 'स्टार्ट पॉइंट' नावाचा टॅब पहिल्या जागेसाठी आहे आणि कंटूरची सुरुवात सरकवायला टूलपाथ एडिटमध्ये वेगळी कमांड आहे. नवीन माणूस टॅबमध्ये आकडे बदलत बसतो आणि वळ होता तिथंच राहतो.

वळ पडतो कसा

एंडमिल म्हणजे एका टोकाला धरलेली काठी. कापताना जोर आला की ती भिंतीपासून किंचित बाहेर वाकते. पूर्ण फेरीत ती साधारण सारखीच वाकलेली असते, म्हणून भिंत एकसारखी दिसते. पण कटर सरळ काटकोनात भिंतीवर गेला आणि तिथून त्याला वळायचं असलं, तर वळताना क्षणभर फीड, म्हणजे कटर पुढं सरकण्याचा वेग, पडतो. फीड पडला की जोर कमी होतो, वाकलेलं टूल सरळ होतं आणि भिंतीत थोडं जास्त आत जातं. खड्डा मोजायला गेलात तर दहा-पंधरा मायक्रॉनचाच असेल, पण तेवढा नखाला कळतो. पुढं ॲनोडायझिंग झालं की डोळ्यालाही दिसतो.

म्हणजे उपाय दोन भागांत आहे. जागा नीट निवडायची, आणि त्या जागी कटर हळूच, कडेला चाटत आत आणायचा. नवीन पोरं दुसरा भाग लवकर शिकतात, कारण त्याचे आकडे असतात. पहिला भाग शिकवायला सॉफ्टवेअरमध्ये खिडकीच नाही.

पायरी पहिली : माउसला हात लावायच्या आधी ड्रॉइंग

ड्रॉइंगची प्रिंट घ्या आणि लाल पेन. ज्या भिंतीवर काही बसणार, घासणार, सील होणार किंवा जी गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर राहणार, तिच्यावर फुली मारा. बेअरिंगचं बोअर, ओ-रिंगचा ग्रूव्ह, डायमधली पार्टिंग लाइन, बाहेरचा दर्शनी फेस. मग उरलेल्यात शोधा : पुढं ग्राइंडिंगला जाणारी बाजू आहे का? नंतर एखादा स्लॉट किंवा भोक येऊन खूण खाऊन टाकेल अशी जागा आहे का? असेंब्लीत झाकली जाणारी बाजू कुठली? सांधा तिथं न्यायचा. ड्रॉइंगवरून कळत नसेल तर फिटरला विचारा. कुठली बाजू कुठं बसते हे त्याच्या हाताला माहीत असतं.

हे मी फटका खाऊन शिकलो. ॲल्युमिनियमच्या एका कव्हरमध्ये ओ-रिंगचा ग्रूव्ह होता, कोपरे गोल केलेला बंद आयत. रुंदी बरोबर, खोली बरोबर, फिनिश चकाचक. लीक टेस्टला जॉब फेल. पाण्यात बुडवून हवा भरली की एका जागेवरून बारीक बुडबुडे निघायचे. आधी ओ-रिंग बदलून बघितली. मग टेस्ट करणाऱ्या काकांनी बुडबुडे येतील तिथं कव्हरच्या काठावर मार्करनं रेघ मारायला सुरुवात केली. तीन कव्हरं शेजारी-शेजारी मांडली तर तिन्ही रेघा एकाच ठिकाणी, डाव्या लांब बाजूच्या बरोबर मध्यावर. प्रोग्रॅम उघडला. कटर तिथंच सरळ खाली उतरत होता. भिंगातून बघितलं तर ग्रूव्हच्या तळाला कटरच्या व्यासाएवढी गोल चकती, बाकीच्या तळापेक्षा जराशी खोल. ओ-रिंगला तेवढी फट पुरते.

मी नुसती जागा हलवली असती तर भागलं नसतं, कारण अख्खा ग्रूव्हच सील आहे. म्हणून सरळ उतरणं काढलं, ग्रूव्हच्या वाटेनंच पुढं जात-जात उताराने खाली आणलं, आणि पूर्ण खोलीवर एक सपाट फेरी मारून सुरुवातीच्या पुढं दोन मिलिमीटर नेऊन कटर वर घेतला. बुडबुडे थांबले. फुली मारलेल्या जागेशिवाय जागाच नसेल, तर शिरण्याची रीत बदलायची, एवढं यातून घ्या.

पायरी दुसरी : पकड बघा

माझे वडील गंगापूर तालुक्यात शेती करतात. तिफण कुणी शेताच्या मधोमध टेकवत नाही, धुऱ्याकडून, म्हणजे बांधाच्या कडेनं घालतात, कारण बैलांना वळायला जागा लागते. कटरलाही तशीच जागा लागते. बाहेरच्या कंटूरला मोकळी बाजू असेल तर हवेत खाली उतरा आणि बाजूनं आत या. मटेरियलवर सरळ खाली उतरायचं काही कारणच नाही.

एक सोपा जॉब घेऊ. तयार प्लेट १२० बाय ८०, चारही कोपरे १० रेडियसचे. कच्चा माल १३० बाय ९०, जाडी २५, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिलिमीटर जास्त. झिरो, म्हणजे मोजायची सुरुवात, तयार प्लेटच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, झेड झिरो वरच्या फेसला. व्हाइसमध्ये खाली ६ मिलिमीटर पकड. बाहेरचा प्रोफाइल १६ खोल करायचा, म्हणजे जबड्याच्या वरचा भाग उणे १९ वर आणि कटरचा तळ उणे १६ वर. अंतर फक्त ३ मिलिमीटर.

आता व्हाइसचे जबडे पुढं आणि मागं आहेत. डावी-उजवी बाजू मोकळी. स्टार्ट पुढच्या किंवा मागच्या बाजूला ठेवलात तर टूल दर वेळी जबड्याच्या डोक्यावर उतरणार. झेड ऑफसेटमध्ये ४ मिलिमीटरची चूक झाली तर जबड्यात भोक. उजव्या बाजूला ठेवलात तर त्याच चुकीत टूल हवेत उतरेल आणि ऑपरेटरला फीड होल्ड दाबायला दोन सेकंद मिळतील. ते पुरेसे असतात.

म्हणून स्टार्ट उजव्या बाजूच्या मध्यावर : एक्स १२०, वाय ४०. मध्यावर का? कोपऱ्याला मशीन दिशा बदलते, तिथं आधीच गडबड चालू असते, त्यात शिरण्याची गडबड घालायची नाही. आतल्या कोपऱ्यात तर कधीच सुरुवात करू नका. तिथं कटर दोन्ही बाजूंनी वेढला जातो, जोर वाढतो आणि गोल शिरायला जागाही नसते.

याला एक अपवाद आहे आणि तो कामाचा आहे. बाहेरचा कोपरा रेडियस नसलेला, टोकदार असेल, तर त्या कोपऱ्यावर सुरू करणं मध्यापेक्षाही चांगलं. कटर एका कडेच्या रेषेत लांबून सरळ येतो, शेवटी दुसऱ्या कडेच्या रेषेत सरळ निघून जातो, आणि भिंतीवर कुठंच सांधा राहत नाही. मात्र दोन्ही बाजूंना हवा मोकळी हवी, क्लॅम्प नको.

पातळ भिंत असेल तर जिथं ती जाड भागाला जोडलेली आहे त्या टोकाजवळून शिरा. मधोमध शिरलात तर भिंत थरथरते आणि वळाऐवजी लहरी मिळतात.

पायरी तिसरी : सॉफ्टवेअरला सांगा

बटणांची नावं आवृत्तीगणिक इकडं-तिकडं होतात, पण डोकं तेच आहे.

मास्टरकॅममध्ये चेन, म्हणजे कापायच्या कडांची माळ, निवडताना तुम्ही कडेवर कुठल्या टोकाजवळ क्लिक केलंत त्यावर सुरुवात ठरते. बाणाचं शेपूट म्हणजे स्टार्ट. बाण उलटा दिसला तर तिथंच उलटवा, पुढं ढकलू नका. साधारणपणे सुरुवात कडेच्या टोकाला बसते, मध्यावर हवी असेल तर लीड इन-आउटच्या पानावर बंद कंटूरला मध्यावर शिरण्या-निघण्याची चौकट आहे, तिच्यावर टिक करा. ती पहिल्या निवडलेल्या कडेचा मध्य घेते, म्हणून पहिलं क्लिक हव्या त्या बाजूवरच करायचं. ओव्हरलॅपचा, म्हणजे फेरी संपल्यावर सुरुवातीच्या पुढं किती जायचं त्याचा, आकडाही त्याच पानावर.

फ्यूजनमध्ये टूडी कंटूरच्या लिंकिंग टॅबवर एंट्री पोझिशन्स आहे. मॉडेलवरचा किंवा स्केचमधला बिंदू दाखवा, सॉफ्टवेअर त्याच्या जवळात जवळ सुरुवात घेतं. पॉकेटसाठी शेजारीच प्रीड्रिलची (आधी मारलेल्या भोकाची) जागा दाखवायची सोय आहे.

एनएक्समध्ये नॉन कटिंग मूव्हज उघडून स्टार्ट-ड्रिल पॉइंट्सवर जा. तिथं डीफॉल्टला कोपरा की मध्य ते निवडता येतं, आणि त्यावर स्वतःचा बिंदूही देता येतो. मी नेहमी बिंदूच देतो. पॉवरमिलमध्ये मूव्ह स्टार्ट पॉइंट्स घेऊन टूलपाथवर आडवी रेघ ओढा, ती ज्या-ज्या लूपला छेदेल त्यांची सुरुवात तिथं येते.

तुमच्याकडं दुसरंच सॉफ्टवेअर असेल तर दोन गोष्टी शोधा : चेनचा बाण आणि लिंकिंगचं पान. यांपैकी एका ठिकाणी सापडेलच.

एक सवय लावून घ्या. स्टार्टसाठी वेगळ्या लेयरवर स्वतःचे बिंदू काढा, मॉडेलच्या कडेचा भरवसा धरू नका. याचं कारण रिव्हिजनपाशी कळेल.

पायरी चौथी : आत शिरणं, बाहेर पडणं

दिशा आधी. क्लाइंब कटिंग हवं, म्हणजे कटर वाटेच्या डाव्या हाताला; त्याचा कोड जी ४१. वरून बघताना बाहेरचा प्रोफाइल घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि आतलं पॉकेट उलट. आपल्या प्लेटवर उजव्या बाजूला कटर मागून पुढं, म्हणजे वाय उणेकडं जाणार.

आता कागदावर काढून बघा. कटर १२ व्यासाचा, त्याच्या रेडियसचं कॉम्पेन्सेशन मशीनच्या कंट्रोलवर सोपवलेलं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जॉबचे आकडे आणि ऑफसेटमध्ये कटरचा रेडियस ६. शिरायला ८ रेडियसची चाप घेऊ. तिचा मध्य भिंतीच्या बाहेर ८ वर, एक्स १२८, वाय ४०. चाप सुरू होते एक्स १२८, वाय ४८ ला आणि संपते एक्स १२०, वाय ४० ला, जी ३ नं, म्हणजे काट्याच्या उलट दिशेनं. त्याच्या आधी सरळ रेघ हवी, कारण जी ४१ चापेवर चालू होत नाही. ती रेघ एक्स १४०, वाय ४८ पासून एक्स १२८ पर्यंत, १२ मिलिमीटर लांब. टूल खाली उतरतं ते एक्स १४० ला. कच्चा माल १२५ ला संपतो आणि कटरची कड १३४ ला, म्हणजे ९ मिलिमीटर हवा मोकळी.

यात दोन आकडे विसरायचे नाहीत. चापेचा रेडियस कटरच्या रेडियसपेक्षा मोठा, ६ ला ८. आणि सरळ रेघ कमीत कमी कटरच्या रेडियसएवढी. फॅनुक कंट्रोलवर चापेतच जी ४१ घातला तर अलार्म ३४ येतो, चाप कटरपेक्षा लहान पडली तर अलार्म ४१. रात्रपाळीत हा अलार्म ४१ घेऊन ऑपरेटरनं फोन केला तर पहिली शंका लीड-इनवर, म्हणजे आत शिरण्याच्या या वाटेवर घ्या. तुमच्याकडं वेअर पद्धत असेल, म्हणजे सॉफ्टवेअर कटरच्या मध्याची वाट काढतं आणि ऑफसेटमध्ये फक्त झिजेचे दोन-चार शतांश भरता, तर चाप लहान चालते. पण ऑपरेटरनं सवयीनं ऑफसेटमध्ये पूर्ण ६ भरला तर कटर भिंतीपासून ६ मिलिमीटर लांब राहील किंवा अलार्म येईल. कुठली पद्धत वापरली ते सेटअप शीटवर लिहा.

शेवट : पूर्ण फेरी झाल्यावर वाय ४० ला सोडू नका. दीड मिलिमीटर पुढं, वाय ३८.५ पर्यंत जा, मग तशीच ८ ची चाप बाहेर, एक्स १२८, वाय ३०.५ ला, आणि सरळ रेघेवर जी ४० नं कॉम्पेन्सेशन बंद. एक ते दोन मिलिमीटर ओव्हरलॅप मला पुरतो. पाच-सहा दिलात तर तेवढी पट्टी दोनदा घासली जाते आणि वळाऐवजी चमकणारा पट्टा दिसतो.

लीड-इनचा फीड अर्धा करा असं बरेच जण सांगतात. फिनिशिंगला मला ते पटत नाही. हळू फीडनं दाताला चिप कमी मिळते, टूल कमी वाकतं आणि बरोबर सांध्यावर फीड बदलला की तिथंच फरक उमटतो. चाप नीट असेल तर फीड एकसारखा ठेवा. रफिंगला खुशाल कमी करा.

आणि भिंतीवर फिनिशिंगसाठी माल सारखा उरलेला हवा, ०.२ ते ०.३. रफिंगचा आणि फिनिशिंगचा स्टार्ट एकाच जागी ठेवला तर रफिंगचा खड्डा कधी-कधी फिनिशिंगमधूनही डोकावतो. दोन्हींना वीस-पंचवीस मिलिमीटरचं अंतर द्या, झालं.

पॉकेटला धुरा नसतो

बंद पॉकेटला मोकळी बाजूच नाही, म्हणून तिथं उतरण्याची जागा आणि कंटूरचा स्टार्ट असे दोन निर्णय वेगळे घ्यायचे.

याच प्लेटमध्ये ६० बाय ४० चं, १२ खोल पॉकेट, कोपरे ६ चे, कटर १० चा. उतरायला हेलिक्स, म्हणजे गोल फिरत-फिरत खाली जाणं, पॉकेटच्या मध्यावर. हेलिक्सनं पडणारं भोक कटरच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा, इथं १६-१७ मिलिमीटर. दुपटीपेक्षा मोठं केलंत तर मधे खुंटी उभी राहते आणि पुढच्या फेरीत कटरवर येते. वाटेचा व्यास साडेसहा आणि उतार २ अंश घेतला तर एका फेरीत टूल साधारण ०.७ मिलिमीटर खाली जातं, म्हणजे ४ मिलिमीटरच्या पासला साडेपाच-सहा फेऱ्या. ॲल्युमिनियममध्ये उतार वाढवता येतो. टूल स्टीलमध्ये मी २ अंशांच्या वर जात नाही.

हेलिक्सला जागा नसेल तर रॅम्प, म्हणजे सरळ वाटेवर उताराने खाली. तीही नसेल तर प्रीड्रिल : १० च्या कटरला ११-१२ चं ड्रिल आधी मारून घ्या आणि उतरण्याची जागा त्या भोकाच्या मध्यावर बिंदू देऊन बांधून टाका. हा बिंदू न दिल्यानं कटर भोकाच्या शेजारी उतरलेला मी दोनदा पाहिलाय. इन्सर्ट कटरच्या, म्हणजे स्क्रूनं बसवलेल्या पात्यांच्या कटरच्या, मध्याला धार नसते, तो सरळ खाली गेला की इन्सर्ट आणि स्क्रू दोन्ही जातात.

भिंतीचं फिनिशिंग मात्र लांब बाजूच्या मध्यावर, आतून चाप घेऊन. इथं ४० रुंदीत ६-७ ची चाप आरामात बसते.

एकाच प्लेटवर सहा-आठ पॉकेट असतील तर एकाचा शेवट आणि पुढच्याचा स्टार्ट जवळ येतील असं बघा. चार सेकंद वाचले तर एका जॉबला काही नाही, पण १,५०० जॉबच्या लॉटला १०० मिनिटं होतात.

थर एकावर एक

खोल भिंत झेड लेव्हलनं फिनिश करताना प्रत्येक थर हा एक वेगळा बंद लूप असतो. प्रत्येकाचा स्टार्ट सॉफ्टवेअरवर सोडला तर खुणा भिंतभर विखुरतात, देवी आल्यासारखी भिंत दिसते. सगळे स्टार्ट एका उभ्या रेषेत आणले तर एकच बारीक शिवण पडते, आणि ती कुठं टाकायची ते तुम्ही निवडू शकता. डायमेकरला विखुरलेल्या खुणांपेक्षा एक शिवण परवडते, कारण पॉलिशवाल्याला कुठं घासायचं ते कळतं. शिवणच नको असेल तर थर सोडून द्या आणि स्पायरल घ्या, एकदा शिरून सलग उतरत जाणारा. कॉपर, ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडला मी तोच वापरतो. फक्त आकार सलग हवा. भिंतीत मधेच मोकळी फट असेल तर स्पायरल तुटतो.

गोल बोअर, आणि एक युक्ती

गोल बोअरला स्टार्ट बहुतेक सॉफ्टवेअर तीनच्या किंवा बाराच्या काट्यावर घेतात, म्हणजे बरोबर अक्षावर. जुन्या मशीनवर अडचण अशी की वर्तुळ कापताना एक्स आणि वाय आपली दिशा नेमकी त्याच चार ठिकाणी बदलतात, आणि बॉलस्क्रूमध्ये बॅकलॅश (दिशा बदलतानाची ढिलाई) असेल तर खुणा तिथंच पडतात. मग खूण स्टार्टची की मशीनची, कळणार कसं?

स्टार्ट दीडच्या काट्यावर, ४५ अंशांवर न्या आणि एक जॉब काढा. खूण सरकली तर ती तुमची होती. तीन, सहा, नऊ, बारावर अजून खुणा दिसतात, तर मेंटेनन्सला बोलवा. मशीनवाल्याशी वाद घालण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडं यावरून झालेली भांडणं बजाजनगरच्या टपरीवर चहानंच मिटायची, खूण काही मिटायची नाही.

डावा-उजवा आणि रिव्हिजन

दुचाकीचे पार्ट करणाऱ्या शॉपमध्ये डावा आणि उजवा असे जोडीचे जॉब येतातच. उजव्याचा प्रोग्रॅम तयार आहे, डाव्याला मिरर मारू, ही सगळ्यात मोहात पाडणारी वाट. टूलपाथ मिरर केला की क्लाइंबचं कन्व्हेन्शनल, म्हणजे उलट बाजूचं कटिंग होतं आणि स्टार्ट दुसऱ्या बाजूला उडी मारतो, जिथं कदाचित तुमचा क्लॅम्प आहे. भूमिती मिरर करा, टूलपाथ नव्यानं काढा, स्टार्टचे बिंदू पुन्हा बघा.

रिव्हिजन त्याहून बेमालूम. गिऱ्हाइकानं एका कोपऱ्याचा रेडियस ८ चा १० केला, तुम्ही मॉडेल बदललं, सगळी ऑपरेशन्स रीजनरेट केली, लाल खूण नाही. पण मॉडेलमधल्या कडांची ओळख बदलली आणि चेन दुसऱ्या कडेपासून सुरू झाली. सहा महिने बरोबर चाललेला जॉब त्या दिवशी व्हाइसच्या जबड्यावर उतरतो. स्टार्टचे बिंदू वेगळ्या लेयरवर ठेवा म्हणालो ते यासाठी. ते मॉडेलसोबत हलत नाहीत.

मशीनवर नेण्याआधी आणि नेल्यावर

सिम्युलेशन व्हाइससकट करा, नुसत्या जॉबचं नको. जबड्याच्या जागी साधे दोन ठोकळे काढले तरी चालतात. मग पोस्ट झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि प्रत्येक टूलनंतर पहिला उणे झेड शोधा. त्याच्या वरच्या ओळीतले एक्स-वाय म्हणजे टूल उतरण्याची जागा. आपल्या जॉबला तिथं १४० आणि ४८ दिसलं पाहिजे. दुसरं काही दिसलं तर मशीनकडं जाऊ नका.

मशीनवर वर्क ऑफसेटचा झेड ५० नं वर उचलून, सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून पहिलं टूल हवेत चालवा. शिरताना-निघतानाच्या ओळी बघितल्या की पुरे, अख्खा प्रोग्रॅम हवेत चालवून शिफ्ट घालवू नका. आणि झालं की ते ५० आठवणीनं काढा. पहिला जॉब निघाला की स्टार्टच्या जागेवरून नख दोन्ही दिशांनी फिरवा, एका दिशेनं कधी-कधी कळत नाही.

सेटअप शीटवर जॉबचा साधा चौकोन काढून स्टार्टच्या जागी बाण मारा आणि मराठीत लिहा : 'टूल २, उतरते उजवीकडे, हवेत.' शाळेतलं चित्र वाटेल, पण पहाटे चारला डोळे चुरचुरत असताना ऑपरेटर तेच बघतो.

या बाणाचा खरा उपयोग लाईट गेल्यावर. उन्हाळ्यात छोट्या शॉपमध्ये प्रोग्रॅमच्या मध्यात मशीन बंद पडणं काही नवीन नाही. कटर जॉबमध्ये अडकलेला, कंट्रोल परत चालू होतो तेव्हा कॉम्पेन्सेशन, फीड, स्पिंडल काहीच त्याच्या लक्षात नसतं. ज्या ओळीवर थांबला तिथूनच पुढं चालू करायचा मोह होतो. तसं केलं की जी ४१ शिवाय कटर सरळ भिंतीत जातो. आधी कटर हातानं वर आणि बाहेर काढा, मशीनला होमिंग लागत असेल तर ते करा, टूल शाबूत आहे का बघा, आणि त्या टूलच्या टूल चेंजच्या ओळीपासून परत सुरू करा. स्टार्ट मोकळ्या हवेत ठेवलेला असेल तर टूल निवांत खाली उतरतं, आधी कापलेल्या वाटेवरून फिरत येतं आणि राहिलेल्या जागेपासून चिप्स पडायला लागतात.